वाचलेल्या एका फेरीचा हिशेब

मी फावल्या वेळात एक छोटी इंटरप्रिटेड प्रोग्रामिंग भाषा लिहितो आहे. सॉर्ट केलेल्या, म्हणजे मूल्ये चढत्या क्रमाने लावलेल्या, अ‍ॅरेमध्ये एखादे मूल्य शोधणारे फंक्शन तिच्या स्टँडर्ड लायब्ररीत पहिल्यापासून होते आणि त्यात पाठ्यपुस्तकात असते तशीच बायनरी सर्च होती: मधला घटक पाहायचा, तो हवा तोच असेल तर तिथेच थांबायचे, नाहीतर अर्धा अ‍ॅरे सोडून उरलेल्या अर्ध्यात पुन्हा तेच करायचे. दहा लाख घटकांमध्येही जास्तीत जास्त २० फेऱ्या लागतात, तेव्हा यात आणखी काय सुधारायचे, असे मला बरेच दिवस वाटत होते.

ते मत बदलले ‘सापडताच थांबणे’ या सोयीचा हिशेब मांडल्यावर. १०,४८,५७५ घटकांचा अ‍ॅरे हे २० पातळ्यांचे झाड आहे असे मानले, तर पहिल्या फेरीत सापडू शकेल असा घटक एकच असतो, दुसऱ्या फेरीत सापडतील असे दोन, आणि असे दुप्पट होत होत शेवटच्या फेरीच्या वाट्याला ५,२४,२८८ घटक येतात. जवळजवळ निम्मे घटक शेवटच्या फेरीत आणि पाव घटक त्याच्या आदल्या फेरीत सापडणार असतील, तर लवकर थांबण्याने सरासरी साधारण एकच फेरी वाचते, आणि तीही शोधलेले मूल्य अ‍ॅरेमध्ये असेल तरच. त्या एका फेरीसाठी प्रत्येक फेरीत समानतेची वेगळी तपासणी करावी लागते.

खरा खर्च मात्र ‘डावीकडे की उजवीकडे’ या निर्णयात असतो. तुलनेचे उत्तर येण्याआधीच प्रोसेसर अंदाज बांधून पुढच्या सूचना राबवू लागतो. मूल्ये कोणत्याही क्रमाने शोधली जात असतील, तर हा अंदाज निम्म्या वेळा चुकतो आणि सुरू केलेले काम टाकून द्यावे लागते. म्हणून मी लूप नव्याने लिहिला: फेऱ्यांची संख्या केवळ अ‍ॅरेच्या लांबीवरून ठरते, प्रत्येक फेरीत उरलेल्या भागाचा आरंभबिंदू तुलनेनुसार निवडला जातो, आणि ही निवड कोडमध्ये दुसरीकडे उडी न मारता, कंडिशनल मूव्ह या अटीनुसार मूल्य उचलणाऱ्या सूचनेने होते. समानतेची तपासणी लूप संपल्यावर एकदाच होते.

कॅशेमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या पण जलद मेमरीत, मावणाऱ्या पूर्णांकांच्या अ‍ॅरेवर ही पद्धत अपेक्षेप्रमाणे जलद ठरली. फार मोठ्या अ‍ॅरेवर मात्र ती जुन्यापेक्षा मंद निघाली, आणि त्याचे कारण समजायला मला एक संपूर्ण संध्याकाळ लागली. अंदाज निम्म्या वेळा चुकत असला तरी उरलेल्या निम्म्या वेळा तो बरोबर असतो, आणि त्या वेळी पुढचा घटक मेमरीतून आणण्याचे काम आधीच सुरू झालेले असते. उडी काढून टाकली की प्रत्येक फेरीला आधीच्या फेरीची वाट पाहावी लागते. पुढच्या दोन्ही संभाव्य जागा आधीच मागवून ठेवणे हा त्यावरचा उपाय आहे, आणि तो मी फक्त मोठ्या अ‍ॅरेसाठी ठेवला. तुलना करणारे फंक्शन वापरकर्त्याने दिलेले असेल, तर इंटरप्रिटरला (भाषेतला प्रोग्राम चालवणाऱ्या कोडला) त्या फंक्शनला बोलावण्याचाच खर्च इतका येतो की या सगळ्या करामती निरर्थक ठरतात. तिथे फक्त तुलनांची संख्या महत्त्वाची असते, म्हणून तिथला जुना कोड मी तसाच राहू दिला.

त्यातून एक अडचण उभी राहिली, जिचा वेगाशी काहीच संबंध नव्हता. अ‍ॅरेमध्ये एकच मूल्य अनेकदा आले असेल, तर जुना कोड त्यांपैकी प्रथम गाठ पडेल त्याचा इंडेक्स (स्थानक्रमांक) देई, आणि नवा कोड त्यांतल्या शेवटच्याचा देऊ लागला. माझ्याच दोन टेस्ट त्यामुळे मोडल्या. रस्ट या भाषेत हे मोठ्या प्रमाणावर घडलेले आहे: २०२१ मध्ये तिथल्या बायनरी सर्चमध्ये सापडताच थांबण्याची सोय आली आणि समान घटकांपैकी कोणता मिळतो ते बदलले, २०२४ मध्ये ती सोय काढून कोड पुन्हा लिहिला गेला. यांपैकी कोणताही घटक मिळू शकतो आणि पुढच्या आवृत्तीत तो बदलू शकतो, असे रस्टच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलेले आहे. जावाही अशी हमी देत नाही. पण हमी नसली तरी लोक प्रत्यक्ष वागणुकीवर विसंबतात, हे मी स्वतःच्या टेस्टमध्ये पाहिले. पायथनने डावी आणि उजवी सीमा शोधणारी दोन वेगळी फंक्शने ठेवली आहेत, आणि मला तोच मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो.

मधला इंडेक्स काढताना दोन टोकांची बेरीज करण्याची चूक मात्र नव्या मांडणीत संभवतच नाही, कारण तिथे आरंभबिंदूत उरलेल्या लांबीचा निम्मा भाग मिळवला जातो. जावाच्या लायब्ररीत हीच बेरीज सुमारे नऊ वर्षे लपून राहिली होती. २००६ मध्ये तो कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनीच ती जाहीरपणे दाखवून दिली: १,०७,३७,४१,८२४ किंवा त्याहून अधिक घटक असले, की बेरीज ३२ बिटांत न मावून ऋण होऊ शकते.

अ‍ॅरे सॉर्ट केलेला आहे हे भाषेने स्वतःच ओळखावे आणि साध्या ‘आहे का’ या फंक्शनलाही हा वेग द्यावा, अशी कल्पना मी थोडा काळ बाळगली होती. पण ते तपासायलाच घटकांच्या संख्येपेक्षा एक कमी इतक्या तुलना लागतात, म्हणजे सरळ शोधाइतकेच काम होते. आणि तशी खूण अ‍ॅरेवर जपून ठेवायची, तर प्रत्येक लेखनाच्या वेळी ती पुसण्याचा भार साऱ्या प्रोग्रामांवर पडतो. ती कल्पना मी सोडली. आता समान घटकांपैकी पहिल्याचा इंडेक्स मिळेल असा कोड बदलून आणि तसे डॉक्युमेंटेशनमध्ये लिहून त्या दोन्ही टेस्ट दुरुस्त केल्या आहेत. कोणत्याही संख्येशी लहान, मोठा किंवा समान अशी तुलना केली तरी खोटेच उत्तर देणारा ‘नॅन’ (‘संख्या नाही’ असे दाखवणारे मूल्य) अ‍ॅरेमध्ये आला तर काय करायचे, हे अजून ठरवायचे आहे.