मणी विरघळत नाहीत, तरीही

"मॅडम, रेझिन विरघळतच नाही, तर त्यावर रिअ‍ॅक्शन होते कशी? सरळ द्रावणातच का करत नाही?" मी रेझिनवर, म्हणजे प्लास्टिकच्या बारीक मण्यांवर, पेप्टाइडं (अमिनो आम्लांच्या साखळ्या) जोडते. नवीन आलेली मुलं विचारतात, सिंथेसिसवाले (द्रावणात रेणू बनवणारे) मित्र चहाला बसले की विचारतात. दरवेळी मी घाईत 'धुवायला सोपं जातं' म्हणून सुटका करून घेते. आज नीट सांगते.

धुवायला सोपं जातं हे खरंच आहे. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ मेरिफिल्डनं १९६३ साली पॉलिस्टायरीनच्या मण्यांवर चार अमिनो आम्लांची साखळी जोडून दाखवली, त्यातली युक्ती हीच होती. साखळी मण्याला बांधलेली, बाकीचं सगळं गाळून टाकायचं. पण एवढंच सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर गोटीला वरून चिकटवलेल्या साखळ्या येतात. तसं नसतं. हे रेझिन डीसीएम या द्रावकात टाकून बघा, साबुदाणा भिजावा तसं फुगतं. जोडणीच्या जागा जवळजवळ सगळ्या त्या फुगलेल्या जाळीच्या आत असतात. मणी विरघळत नाही, पण द्रावण त्याच्या आत शिरतं. मणी फुगलाच नाही, तर मात्र काही होत नाही.

हे मला माहीत आहे असं मी पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी छातीठोक सांगायचे. मला ते माहीत नव्हतं.

पेप्टाइड २५ अमिनो आम्लांचं होतं, मध्ये व्हॅलिन, आयसोल्युसिन, अ‍ॅलनिनची सलग रांग. मी १.१ मिलिमोल प्रति ग्रॅम लोडिंगचं पॉलिस्टायरीन घेतलं. लोडिंग म्हणजे एका ग्रॅम रेझिनमध्ये जोडणीच्या जागा किती; ते जास्त म्हणजे तेवढ्याच रेझिनवर जास्त पेप्टाइड, आणि पैसे बेताचे होते. बाराव्या जोडणीनंतर सिंटरवरचा (भांड्याच्या तळाच्या काचेच्या गाळणीवरचा) मण्यांचा थर खाली बसलेला दिसला. साखळी वाढते तसा थर वाढायला हवा, हा आक्रसला होता. मी ते पाहिलं, वहीत लिहिलंसुद्धा. मग निनहायड्रिन टेस्ट केली; साखळीच्या टोकाला न जोडलेलं, मोकळं अमाइन उरलं असेल तर ती निळी होते. चिमूटभर मणी, ११० अंश, पाच मिनिटं. निळेपणा नाही. जोडणी पूर्ण झाली असं धरून मी पुढच्या तेरा जोडण्या उरकल्या.

टीएफए या आम्लानं पेप्टाइड मण्यांवरून उतरवलं, थंड ईथरमध्ये पांढरा साका भरपूर बसला. मास स्पेक्ट्रम काढला तर हवं ते वस्तुमान जेमतेम. त्याच्या शेजारी एक व्हॅलिन कमी, दोन कमी, अशी रांगच. एक मैत्रीण याच पेप्टाइडसाठी पेशींवरचे प्रयोग थांबवून बसली होती. तिला मी सांगितलं, व्हॅलिनची बाटली खराब निघाली. मला तेव्हा तसंच वाटत होतं. नवी बाटली मागवली, सगळं तसंच पुन्हा केलं, तेच हाती आलं. सात आठवडे गेले. तिनं मला एका शब्दानं दुखावलं नाही, त्याचा मला जास्त त्रास झाला.

झालं होतं असं, की साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी बिलगल्या होत्या. प्रत्येक नव्या अमिनो आम्लाच्या अमाइनवर एफमॉक नावाचं झाकण असतं, ते पुढच्या जोडणीआधी पिपरिडीननं काढायचं. त्या गुंत्यात पिपरिडीन पोचलं नाही, काही टोकांवरचा एफमॉक निघालाच नाही. मोकळं अमाइनच नाही, तर टेस्ट निळी होणार कुठून? प्रत्येक जोडणी ९९ टक्के झाली तर २५ जोडण्यांनंतर ७८ टक्के साखळ्या पूर्ण असतात. ९५ टक्के झाली तर २८. हा हिशोब मी दुसऱ्यांना शिकवत होते.

तिसऱ्यांदा ०.२ लोडिंगचं पीईजी (पॉलिएथिलीन ग्लायकॉल) रेझिन घेतलं, रांगेत डबल कपलिंग केलं, म्हणजे प्रत्येक जोडणी दोनदा, सेरिनच्या जागी स्यूडोप्रोलिन घातलं, म्हणजे साखळ्यांना बिलगू न देणारं त्याचं तात्पुरतं रूप. पेप्टाइड मिळालं. 'लोडिंग कमी केलं म्हणून सुटलं' असं मी बरीच वर्षं सांगत आले. तीन गोष्टी एकदम बदलल्या होत्या, त्यामुळे तसं म्हणायला मला आधार नाही.

आणि द्रावणात? संरक्षित तुकडे लांब झाले की तिथेही विरघळेनासे होतात, ते सिंथेसिसवाल्या तुम्हालाही माहीत आहे. पण तुमचा एक आक्षेप मला खोडता येत नाही. द्रावणात दर पायरीला शुद्ध करता येतं, माझी चूक बाराव्यालाच पकडता आली असती. मण्यावर ती बांधलेलीच राहते आणि शेवटी सगळ्यांबरोबर उतरते.

माझी एक विद्यार्थिनी सध्या तोच क्रम पुन्हा करते आहे. रेझिन पॉलिस्टायरीनच, बाकी सगळं पहिल्यासारखं, फक्त लोडिंग ०.२. दर जोडणीनंतर ती भांड्यावर मार्करनं थराची उंची आखते. आज नववी जोडणी झाली. रेषा अजून वर चढते आहे.