घोट्याचा पट्टा आधी

आज परळला फिजिओ आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) मंडळींची केस चर्चा. अर्ध्याहून जास्त वेळ एएफओवरच, म्हणजे घोटा आणि पाऊल धरून ठेवणाऱ्या स्प्लिंटवरच गेला. स्प्लिंट मिळतो, पण घालायचा कसा हे मुलाच्या आईला दिलेल्या कागदावर कुणी लिहीतच नाही!

स्पास्टिक सेरेब्रल पाल्सीत (मेंदूच्या इजेमुळे स्नायू ताठरतात) मुलाची पोटरी ताठ. गुडघा सरळ ठेवून पाऊल कोंबलं की टाच उचललेलीच राहते. म्हणून आधी गुडघा वाकवायचा, टाच तळाला टेकवायची, मग घोट्याचा पट्टा, पोटरीचा शेवटी. उलट केलं की टाच वर सरकते आणि घासते. आत सुती मोजा, सुरकुती नको. मुंबईच्या घामात बदलायला दुसरा जोड हवाच. काढल्यावर लाली २०-३० मिनिटांत गेली नाही तर स्प्लिंट दुरुस्तीला. ‘होईल सवय’ म्हणून रेटायचं नाही.

मग हँडओव्हरची, म्हणजे मूल दुसऱ्या थेरपिस्टकडे सोपवतानाची चिठ्ठी. ‘स्ट्रेचिंग चालू’ एवढ्यावर पुढच्या थेरपिस्टने काय समजायचं? जीएमएफसीएसची पातळी (मूल स्वतः किती हालचाल करू शकतं त्याची १ ते ५ अशी वर्गवारी, १९९७ची), स्प्लिंटचे रोजचे तास आणि घरच्यांचं ध्येय त्यांच्याच शब्दांत: ‘स्टुलावर बसून शर्ट स्वतः घालायचा.’ तीन ओळी. व्हॉट्सॲपवरही मावतात.