तुम्ही विचारलंत म्हणून : डोया की डोळा?

“बाई, घरात अहिराणी बोललं तर पोरगं शाळेत मागे पडतं का?” अहिराणी ही आमची खानदेशातली घरची बोली. अमळनेर तालुक्यात तीस वर्षं पहिलीला शिकवलं, त्यामुळे हा प्रश्न ओट्यावर येतो, लग्नाच्या पंगतीत येतो. परवा भुसावळ पॅसेंजरमध्ये आला. विचारणारा सुरतेला नोकरीला होता. मांडीवरच्या दोन वर्षांच्या लेकीला सांगत होता, “बेटा, वॉटर पिओ.” पोरगी खिडकीबाहेर बघत बसली. शेजारून आजी म्हणाली, “पानी पी ले वं माय,” तशी तिने बाटली तोंडाला लावली.

नाही पडत मागे. तुम्हाला ज्या भाषेत रागवता येतं, लाड करता येतात, गप्पा हाणता येतात, तीच बोला. वॉटर, ॲपल, गुडनाइट झालं की तुमचं इंग्रजी संपतं आणि बोलणंही. 2018 साली संशोधक रेचल रोमिओ यांनी अमेरिकेत चार ते सहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला. मुलाच्या कानावर किती शब्द पडले, यापेक्षा मोठ्यांशी त्याची बोलाचाली किती झाली, याचं मेंदूतल्या भाषेच्या कामाशी जास्त नातं दिसलं. आजी तेच करते, फुकटात.

“मग मोबाइलवर इंग्रजी गाणी लावून देऊ का?” हा पुढचा प्रश्न ठरलेला. पॅट्रिशिया कूल या दुसऱ्या संशोधक. त्यांनी 2003 मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांसमोर चिनी बोलणारी माणसं बसवली. बारा वेळा खेळणं-वाचणं झालं आणि बाळं चिनीतले ध्वनी ओळखू लागली. दुसऱ्या बाळांना तेच व्हिडिओवर दाखवलं, तर काहीच हाती लागलं नाही. बाळाला समोर माणूस लागतं.

वाचनाचं मात्र वेगळं आहे. बोलणं माणसांत राहून येतं, वाचन शिकवावं लागतं. आणि तिथे मी स्वतः माती खाल्लेली आहे.

नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. तक्त्यावर डोळ्याचं चित्र नव्हतं, नुसता शब्द होता : डोळा. एका पोराने बोट ठेवून वाचलं, “डोया.” मी दहादा ‘डोळा’ म्हणायला लावलं, वर्ग हसला. पुढे कितीतरी दिवस त्याने तोंड उघडलं नाही. आमच्या अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो : काळा तो काया, शाळा ती शाया. माझ्या घरीही हेच बोलतात, तरी खुर्चीत बसल्यावर मला ते ऐकू आलं नाही. नुसती अक्षरं जुळवत गेला असता, तर ‘ळ’ बरोबर म्हणाला असता. त्याला शब्दाचा अर्थ लागला, म्हणून तोंडातून घरचा शब्द आला. म्हणजे तो वाचत होता, आणि मी त्याला त्याचीच शिक्षा दिली.

नंतर एकदा फळ्याच्या मधोमध रेघ मारली. एकीकडे घरचा शब्द, दुसरीकडे पुस्तकातला. डोया–डोळा, केय–केळ असे दोन-तीन मी लिहिले, मग पोरंच ओरडायला लागली : “बाई, फया म्हंजे फळा!” दोन दिवसांत नियम त्यांनीच शोधला, आणि नवा नियम हाती लागला की पोरं तो दिसेल तिथे लावतात. एका मुलीने ‘गाय’ या चित्राखाली ‘गाळ’ लिहिलं. मी हसू दाबलं. तिने पाटीवर पुढचा शब्द लिहायला घेतला, पेन्सिल थांबवली आणि काळजीने विचारलं,

“बाई, मंग मायले बी माळ म्हनानं का?”

“नही वं,” मी म्हटलं, “माय ती मायच.”