स्ट्रेचर होतं तिथे आता दिवाण आहे

अँब्युलन्सचे मागचे दरवाजे उघडले की आधी गरम हवा अंगावर येते, मग जंतुनाशकाचा वास, आणि मग माणूस. इंग्लंडमधल्या एका रुग्णालयाच्या इमर्जन्सी विभागात मी नर्स आहे. सहा वर्षं या गाड्यांशी माझा संबंध तेवढाच होता, दरवाज्यापासून आमच्या खाटेपर्यंतचा. आत बसून ती गाडी कशी दिसते, कुठली वस्तू कुठे आणि का असते, हे मला ठाऊक नव्हतं. गेल्या वर्षी, आत राहून फिरता येईल असं चाकांवरचं घर, म्हणजे कॅम्पर, बनवायला आम्ही तशीच एक निवृत्त अँब्युलन्स विकत घेतली आणि शेफील्डच्या आमच्या घरासमोर आणून उभी केली.

इथे एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, अँब्युलन्स चालवणाऱ्या संस्था आपल्या गाड्या काही वर्षं वापरल्या की लिलावात काढतात. त्यात दोन जाती असतात. एक उंच छपराची साधी व्हॅन, आणि दुसरी पेटीवाली, म्हणजे पुढे व्हॅनचं तोंड आणि मागे वेगळी बांधलेली चौकोनी खोली. आम्हाला पेटीवालीच हवी होती. तिच्या भिंती सरळ असतात, त्यामुळे सुतारकाम सोपं जातं. शिवाय त्या भिंतींच्या आत फोम भरलेला असतो, म्हणजे थंडीची निम्मी लढाई कारखान्यातच जिंकलेली.

लिलावातली गाडी बघताना एक गोष्ट लक्षात ठेवा. मैलांच्या आकड्यावर जाऊ नका. ही गाडी रुग्णालयाबाहेर आणि रस्त्याच्या कडेला तासन् तास इंजिन चालू ठेवून उभी असते, आत उजेड आणि ऊब हवी म्हणून. ते तास मैलांत दिसत नाहीत. दुरुस्तीची वही मिळाली तर ती वाचा. आम्हाला मिळाली, म्हणूनच आम्ही बोली लावली.

घरी सांगितलं तेव्हा आई फोनवर एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "अगं, त्यात माणसं गेली असतील. तिथे झोपणार तुम्ही? पोरीला घेऊन?"

मी तिला खोटं सांगितलं नाही. म्हटलं, "गेली असतील, आई. पण पोचलेली कितीतरी जास्त असतील. मी त्यांना दरवाज्यात घेते ना रोज. एखादी बाळंतीणही झाली असेल तिच्यात." थोडा वेळ तिकडून आवाज नाही. मग, "बरं. नारळ वाढव आणि मगच आत झोपा." आम्ही तसंच केलं. हळदीकुंकू लावलं, बंपरपाशी नारळ वाढवला. शेजारच्या आजोबांना खोबऱ्याचा तुकडा दिला, तेव्हा त्यांनी हा विधी काय असतो ते नीट विचारून घेतलं.

आता लायसन्सचं सांगते, कारण इथे राहायला येणारे बरेच जण त्यात अडकतात. भारतातलं लायसन्स ब्रिटनमध्ये राहायला आल्यापासून बारा महिनेच चालतं. मग इथली लेखी आणि गाडी चालवायची परीक्षा द्यावी लागते. त्यातून मिळणारं ‘बी’ लायसन्स साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीचं. आमची गाडी पाच टनांची. तिच्यासाठी ‘सी१’ लागतं. त्याला डॉक्टरांची तपासणी, वेगळी लेखी परीक्षा आणि ट्रकसारख्या गाडीवरची प्रत्यक्ष परीक्षा आहे. ज्यांनी इथली मोटारीची परीक्षा १ जानेवारी १९९७ च्या आधी दिली त्यांना ‘सी१’ आपोआप मिळालेलं असतं. शेजारच्या आजोबांकडे ते होतं, म्हणून लिलावातून गाडी त्यांनीच चालवत आणली. मी पुढे चार महिन्यांनी परीक्षा पास झाले. नवऱ्याने अजून दिलेली नाही, त्यामुळे लांबचा पल्ला सगळा माझ्याकडे.

गाडी दारात आली त्याच शनिवारी आम्ही हातात पक्कड घेतली, आणि तिथेच चुकलो.

आम्हाला वाटलं, आधी सगळं काढून टाकू, खोली मोकळी करू, मग आपलं घर बांधू. बाजूच्या दाराखालची सरकपायरी नको होती. दार उघडलं की ती बाहेर येते, लावलं की आत जाते. तिच्या वायरी आम्ही पॅनेलमागे कापल्या. मागच्या रॅम्पच्याही कापल्या. दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू होईना. बॅटरी ठीक, डिझेल आहे, चावी ओळखली जातेय, आणि तरीही गाडी मुकाट उभी.

कारण समजायला दोन आठवडे लागले. पायरी बाहेर असताना किंवा रॅम्प खाली असताना गाडी चुकून सुटली तर स्ट्रेचरवरचा माणूस आणि त्याला धरणारे दोघंही रस्त्यावर पडतील. म्हणून बांधणाऱ्यांनी अशी सोय केली होती की पायरी आणि रॅम्प ‘आम्ही आत आहोत’ असा निरोप देत नाहीत तोवर गाडी हलणार नाही. आम्ही निरोप पोचवणारी तारच कापली होती. पूर्वी अशा गाड्या बांधण्याचं काम केलेले एक निवृत्त मिस्त्री आम्हाला ओळखीतून भेटले. त्यांनी मल्टीमीटर घेऊन एकेक वायर तपासली आणि तात्पुरती जोड दिली. जाताना एवढंच सांगून गेले की आधी प्रत्येक वायरला चिठ्ठी लावा, आकडा घाला, वहीत लिहा, आणि मग काय कापायचं ते ठरवा.

पुढचे तीन आठवडे आम्ही एकही खिळा काढला नाही. फक्त चिठ्ठ्या लावल्या. १ ते १३७. गाडीची खरी ओळख तेव्हा झाली.

उदाहरणार्थ जमीन. अँब्युलन्सची फरशी भिंतीपाशी संपत नाही, मोरीच्या काठासारखी वर वळते. कोपराच नाही, त्यामुळे रक्त, उलटी, पाणी काहीही असो, फडकं फिरवलं की साफ. पाय घसरू नये म्हणून तिला बारीक खरखर आहे. आम्ही तिच्यावर लाकडी पट्ट्या बसवणार होतो. तो बेत सोडला. आता चिखलाचे बूट घालून लेक आत शिरते तेव्हा मी ओरडत नाही.

कपाटांचंही तसंच. त्यांच्या दारांना दाबून उघडायची कडी आहे. कितीही जोरात ब्रेक लागला तरी दार उघडत नाही, कारण आत औषधं आणि काचेच्या बाटल्या असायच्या. आज तिथे डाळ, तांदूळ, पोहे आणि मिसळणाचा डबा आहे. स्कॉटलंडच्या वळणांवर जिऱ्याचा एक दाणा सांडला नाही. छपराला हवा बाहेर फेकणारा पंखा होता, तोही ठेवला. भाताची वाफ आणि तीन माणसांचा श्वास रात्रभर बंद खोलीत राहिला तर सकाळी भिंतींवरून पाणी ओघळतं. डिझेलवर चालणारा हीटर ठेवला. बाहेरून वीज घेण्याचं सॉकेट ठेवलं, स्टेशनात उभी असताना गाडीच्या बॅटऱ्या त्यावरच भरायच्या. छपराचा पिवळा दांडा ठेवला. चालत्या गाडीत पॅरामेडिक त्याला धरून उभे राहायचे, आम्ही ओले टॉवेल टाकतो. सलाइनच्या आकड्याला लेकीचा कंदील लटकतो.

एका खुर्चीबद्दल मात्र आग्रहाने सांगते. मागच्या खोलीत पुढे तोंड असलेली, पट्ट्याची एक खुर्ची होती. अनेक जण ती काढून प्लायवुडच्या बाकावर पट्टे ठोकतात. कृपा करून तसं करू नका. ती खुर्ची गाडीच्या सांगाड्याला जोडलेली असते, धक्का सोसायला बनवलेली असते. प्लायवुड तो धक्का सोसत नाही. बाजूला तोंड असलेल्या बाकावर मुलांचं सीट बसवायला तर इथे कायद्यानेच मनाई आहे. अपघातातून आलेली मुलं मी पाहिली आहेत. लेक त्या मूळ खुर्चीतच बसते.

जे काढायलाच हवं होतं तेही सांगते. निळे दिवे बंद आहेत असं म्हणून चालत नाही. १९८९ च्या नियमांनुसार आणीबाणीच्या वाहनाशिवाय कुणाच्याही गाडीवर निळा दिवा असताच कामा नये, तो पेटत असो वा नसो. सायरन गेला. ऑक्सिजनची नळी गेली. हिरवे-पिवळे चौकोन हेअर ड्रायरने तापवून नखाने सोलले, त्यात चार शनिवार-रविवार गेले. रस्त्यावरच्या माणसाला क्षणभरही वाटता कामा नये की मदत आली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पट्ट्या निघाल्या, पण त्यांच्याखालचा रंग उन्हात विटलेला नव्हता. पाऊस पडून उजेड तिरपा आला की बाजूवर अक्षरं अजूनही पुसट दिसतात. म्हणून आता सगळी गाडी रंगवायची आहे.

कॅम्पर म्हणून नोंद व्हावी यासाठी डीव्हीएलएच्या, म्हणजे इथल्या वाहन नोंदणी खात्याच्या, अटी आधी वाचल्या आणि त्याप्रमाणेच आतली मांडणी केली. कमीत कमी सहा फूट लांबीचा पलंग, बसून जेवायला जागा आणि टेबल, पक्कं बसवलेलं कपाट, पक्की बसवलेली शेगडी, राहत्या भागात यायला दार, बाजूला खिडकी. शिवाय गाडी बाहेरूनही कॅम्पर दिसायला हवी. ती तशी दिसली नाही तर नोंद ‘खिडक्यांची व्हॅन’ अशी होऊ शकते. आम्ही बाजूला छत ओढायचा दांडा लावला, दुसरी खिडकी कापली, फोटो स्वान्सीला डीव्हीएलएच्या कचेरीत पाठवले, आणि नोंद बदलून आली. कामाला हात घालण्याआधी विमा कंपनीला कळवणं तेवढंच गरजेचं आहे. अर्धवट गाडीचा विमा सगळेच देत नाहीत.

स्वयंपाकाचा गॅस मी स्वतः निवडला. इथे निळ्या सिलिंडरमध्ये ब्युटेन येतो आणि लाल सिलिंडरमध्ये प्रोपेन. थंडी शून्याच्या आसपास गेली की ब्युटेनचा वायू होत नाही, सिलिंडर भरलेला असूनही शेगडी पेटत नाही. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत चालतो. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. म्हणून सिलिंडरचं कपाट आतून हवाबंद आणि तळाला बाहेर उघडणारं भोक असं हवं. ते काम आम्ही परवाना असलेल्या माणसाकडून करून घेतलं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म उशाशी आहे.

मे महिन्यात स्कॉटलंडला गेलो. गाडीचं रिकामं वजन ३.०५ टनांच्या वर असल्यामुळे मधे दुभाजक नसलेल्या साध्या रस्त्यावर आम्हाला ताशी ५० मैलांचीच मुभा. मला तो वेग आवडला. अ‍ॅपलक्रॉसला जाणारा बियालाख ना बा हा घाट ६२६ मीटरपर्यंत चढतो. वळणं बघून आंबेनळी घाट आठवेल, पण रस्ता एकाच गाडीपुरता. मोठ्या गाड्यांनी जाऊ नये अशी पाटी खालीच आहे. आम्ही ती मानली आणि शिल्डेगवरून समुद्राकाठचा लांबचा रस्ता धरला. तिकडे रस्त्याला मधूनमधून फुगवटे असतात, समोरच्याला जाऊ द्यायला. मागे गाडी साचली तर तिलाही तिथे थांबून पुढे सोडायचं असतं. त्या जागी गाडी लावून मुक्काम करणाऱ्यांमुळे गावकरी वैतागतात, आणि ते बरोबरच आहे. त्यांची खरी अँब्युलन्सही त्याच रस्त्याने येते. स्कॉटलंडच्या वनखात्याने काही वाहनतळांवर एक रात्र राहायची परवानगी दिलेली आहे, तिचा उपयोग करा. सांडपाणी मात्र ठरलेल्या ठिकाणीच ओता.

पहिल्या रात्री कुकरची शिट्टी झाली तेव्हा लेक म्हणाली, "आई, गाडीचा सायरन!" मूगडाळीची खिचडी, वर तूप, बाहेर वारा. मी पलंगावर आडवी झाले आणि पहिल्यांदाच त्या छताकडे खालून पाहिलं. माझे रुग्ण येताना हेच बघत येतात. पांढरं छत, दोन ओळी दिवे, एक पिवळा दांडा. दिव्यांना रात्रीचा मंद प्रकाश आहे, तो डोळ्यांत जात नाही. कुणीतरी विचार करून तो बसवला होता. तेव्हापासून कामावर मी दरवाजा उघडला की आधी स्वतः त्यांच्या डोळ्यांसमोर येते, मग खाट हलवते.

पुण्याहून दोघांनी विचारलं, आपल्याकडे हे करता येईल का. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल बघता, कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल नोंदणीत बसत नाही. महाराष्ट्राचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं आहे, पण जुनी गाडी घेण्याआधी आरटीओत जाऊन विचारा. घेतल्यावर नको.

पुढच्या महिन्यात आई-बाबा येतायत. बाबांच्या गुडघ्यांना ते बाजूचं दार उंच पडेल. म्हणून आम्ही पहिल्या शनिवारी कापलेली सरकपायरी पुन्हा जोडायला घेतली आहे. वहीत बघितलं, तिच्या वायरींचे आकडे ४१ आणि ४२.