सोफिया: घाईने ओलांडू नये अशी राजधानी

बल्गेरियाला जाणारे बहुतेक जण सोफियात एक रात्र काढतात आणि सकाळी रिला मठाची वाट धरतात. मी क्रम उलटा ठेवायला सांगेन. पहिले दोन दिवस शहराला द्या, रिला तिसऱ्या दिवशी. प्राग किंवा व्हिएन्नासारखं हे शहर पहिल्या नजरेत भुरळ घालत नाही. दर्शनी इमारतींचा रंग उडालेला असतो, फुटपाथच्या फरशा हलत असतात. बघण्यासारखं बरंचसं एक मजला खाली किंवा एखाद्या अंगणात आत दडलेलं आहे.

आधी कागदपत्रं आणि पैसे, कारण नेटवरची जुनी माहिती इथे हमखास फसवते. जानेवारी २०२५ पासून बल्गेरिया पूर्णपणे शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे आणि १ जानेवारी २०२६ पासून तिथलं चलन युरो आहे. म्हणजे शेंगेन व्हिसा पुरतो. तीन-चार देश जोडून करणार असाल, तर जिथे जास्त रात्री काढणार त्या देशाकडे अर्ज करायचा. भारतातून थेट विमान नाही. इस्तंबूलमार्गे गेलात तर शेंगेनमध्ये शिरतानाची पासपोर्ट तपासणी सोफियात होते, व्हिएन्ना किंवा फ्रँकफर्टमार्गे गेलात तर ती तिथेच होते. त्यामुळे तिथल्या दोन विमानांमध्ये पुरेसा वेळ ठेवा. रस्त्यावर कुणी लेव्ह (युरोच्या आधीचं चलन) ‘चांगल्या भावात’ देऊ लागला तर सरळ पुढे चालू लागा. त्या नोटा आता दुकानात चालत नाहीत.

मेट्रो थेट विमानतळाच्या टर्मिनल २ ला येते. टर्मिनल १ ला उतरलात तर तिथून फुकट शटल बस मिळते. फाटकावर कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड टेकवलं की काम झालं. फेरीला साधारण ८० सेंट पडतात आणि अर्ध्या तासाच्या आत शहराच्या मध्यातलं सेर्दिका स्टेशन येतं. टॅक्सी करायचीच असेल तर काचेवरच्या स्टिकरवर दर किलोमीटरचा भाव वाचून मगच बसा. नावाजलेल्या कंपनीसारखंच नाव आणि तोच रंग लावून अनेक पट भाव घेणाऱ्या गाड्या इथे आहेत. भाव स्टिकरवर छापलेला असल्यामुळे नंतर वाद घालून काही उपयोग होत नाही.

सेर्दिकाला उतरल्यावर लगेच वर जाऊ नका. मेट्रोचं काम करताना सापडलेलं सेर्दिका हे रोमन काळातलं शहर इथेच, भुयारी मार्गाच्या पातळीवर आहे: दगडी रस्ता, विटांच्या भिंती, घरांचे पाये. तिकीट नाही. बाजूलाच स्वेता पेत्का हे ऑटोमन काळातलं बसकं, अर्धं जमिनीत गेलेलं चर्च आहे. वर आलात की बान्या बाशी ही सोळाव्या शतकातली मशीद, तिच्या समोरच्या बाजारपेठेपलीकडे १९०९ चं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), आणि दुसऱ्या अंगाला स्वेता नेदेल्या चर्च. सगळं पायी दहा मिनिटांच्या आत.

मशिदीमागच्या जुन्या स्नानगृहाच्या इमारतीत आता शहराचं संग्रहालय आहे, पण खरी गंमत बाहेरच्या नळांवर. जमिनीतून गरम खनिज पाणी येतं आणि ते फुकट असतं. म्हाताऱ्या आज्या चाकांच्या पिशवीत पाच-दहा लिटरचे कॅन घालून येतात, एकेक भरतात, झाकण घट्ट पिळून पुन्हा तपासतात. तुम्ही एकच बाटली घेऊन उभे असलात तर बहुधा पुढे जायला हात करतील.

तिथून राष्ट्रपती भवनाकडे वळा. भवन आणि शेजारचं हॉटेल यांच्यामधल्या अंगणात चौथ्या शतकातलं सेंट जॉर्ज रोटुंडा हे गोल चर्च आहे. रस्त्यावरून ते दिसतच नाही, कमानीतून आत शिरावं लागतं. पुढचे पिवळ्या विटांचे रस्ते पावसात साबणासारखे निसरडे होतात, गुळगुळीत तळव्याचे बूट नकोत. अलेक्झांडर नेव्हस्की कॅथेड्रल (पायाभरणी १८८२, बांधकाम १९१२ पर्यंत) सगळेच बघतात. मला त्याच्या शेजारचं विटांचं साधं सेंट सोफिया चर्च जास्त आवडतं. ते सहाव्या शतकातलं आहे आणि शहराला नाव त्याच्यावरूनच मिळालं. त्याच्या तळघरात जुन्या थडग्यांची अख्खी वस्ती आहे.

फिरताना घोट्याच्या उंचीवर एखादी खिडकी उघडी दिसेल, आत पाणी, सिगारेटी, बिस्किटं मांडलेली. ही ‘क्लेक’ दुकानं, तळघरातून चालणारी. उकिडवं बसूनच खरेदी करायची. आपल्याला त्याची सवय आहे.

पाट्या सिरिलिक लिपीत असतात. चार-पाच अक्षरं शिकलात तरी बरंच निभतं: इंग्रजी पीसारखं दिसणारं ‘र’, एचसारखं ‘न’, सीसारखं ‘स’, बीसारखं ‘व’. मान हलवण्याचा मामला मात्र अवघड. वरखाली म्हणजे नाही, आडवी म्हणजे हो. त्यात परदेशी पाहुणा बघून काही तरुण मुद्दाम आपल्यासारखी हलवतात, मग कुणाचाच पत्ता लागत नाही. ‘दा’ (हो) किंवा ‘ने’ (नाही) हे तोंडातून ऐकल्याशिवाय ऑर्डर पक्की धरू नका.

शाकाहाऱ्यांचे इथे हाल होत नाहीत. तारातोर हे गार सूप म्हणजे काकडीची दह्यातली कोशिंबीर पाणी घालून सरसरीत केलेली, वर लसूण, शेपू आणि अक्रोड. शॉप्स्का सॅलडवर पांढरं चीज किसलेलं असतं. सकाळी बेकरीत गरम बानित्सा (चीज भरलेली पापुद्र्यांची पेस्ट्री) आणि आयरान हे खारट ताक घ्या. बानित्सात अंडं असतं हे लक्षात ठेवा. बॉब चोर्बा हे घेवड्याचं सूप मागवताना ‘बेझ मेसो’ (मांस नको) म्हणाच, कारण काही ठिकाणी त्यात सॉसेज पडतं. विटोश्का या पादचारी रस्त्यावर कॉफी प्या, पण जेवण दोन गल्ल्या आत जाऊन करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोयाना चर्च. १२५९ सालची तिथली भित्तिचित्रं बघायला लहान गटाने आत सोडतात आणि साधारण दहा मिनिटांत बाहेर काढतात. फोटो काढू देत नाहीत. गर्दीच्या दिवसांत उशिरा गेलात तर बाहेर ताटकळावं लागतं, म्हणून उघडायच्या वेळेलाच पोचा.

उरलेला दिवस विटोशा डोंगराला. खलादिल्निका बसस्थानकाहून ६६ नंबरची बस अलेकोपर्यंत, म्हणजे सुमारे १८०० मीटरवर नेते. तिथून २२९० मीटरचं चेर्नी व्राह शिखर दीड-एक तासाची चढण आहे. शहरात टी-शर्टवर फिरत असलात तरी वर वारा आणि धुकं अचानक येतं, जाकीट हवंच. सिमेओनोवोची केबल कार सगळे दिवस चालत नाही. तिच्या भरवशावर निघू नका आणि परतीच्या शेवटच्या बसची वेळ चढायला लागण्याआधी थांब्यावर वाचून घ्या. हिवाळ्यात शहरात धुरकट हवा साचते, तेव्हा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी मे, जून किंवा सप्टेंबर निवडावा.