आईच्या माहेरच्या जमिनीसाठी वकील शोधताना

मामाने जमीन विकायला काढली आणि इसारही घेतला, हे आम्हाला गावातून कळलं. आजोबा 1998 साली गेले. तेव्हाच्या वारस नोंदीत सातबाऱ्यावर मामा एकटा कब्जेदार झाला, आई आणि मावशीची नावं ‘इतर हक्क’ या रकान्यात गेली. वाटपाचा दावा लावायचा आणि विक्रीला मनाई मागायची, एवढं ठरलं. प्रश्न होता वकिलाचा.

आम्ही राहतो पुण्यात, त्यामुळे जो तो पुण्यातल्याच वकिलाचं नाव सुचवत होता. पण जमिनीचा दावा जमीन जिथे आहे तिथल्या कोर्टात चालतो, म्हणजे आमचा कराडला. पुण्याचे वकील दर तारखेला येण्याजाण्याचे वेगळे पैसे सांगत होते, आणि दिवाणी कोर्टात कितीतरी तारखांना हाती लागते ती फक्त पुढची तारीख. तेव्हा वकील कराडचाच हवा होता.

वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलची बंदी आहे, त्यामुळे नावं मिळतात ती तोंडोतोंडीच. मिळालेली नावं मी ई-कोर्ट्सवर, म्हणजे कोर्टांच्या सरकारी वेबसाइटवर, टाकून बघितली. तिथे कोर्ट निवडून वकिलाच्या नावाने शोधलं की चालू आणि निकाली केसेसची यादी येते. (एकाच वकिलाचं नाव तीन तऱ्हेने लिहिलेलं असतं, तेवढं सांभाळायचं.) एका नामांकित वकिलांच्या यादीत जवळजवळ सगळ्या चेक न वटल्याच्या केसेस निघाल्या. माणूस हुशार असेलही, पण आमच्या कामाचा नव्हता.

पहिले वकील भेटले ते म्हणाले, “वडील 2005 च्या आधी गेले ना? मग मुलींना समान हिस्सा अवघड आहे.” मी घरी येऊन वाचलं. सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हिस्सा देणारी वारसा कायद्यातली 2005 ची दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही. दुसऱ्यांनी तर फीच मागितली नाही, निकालानंतर जमिनीतला हिस्सा द्या म्हणाले. वर “केस शंभर टक्के तुमचीच”. निकालावर ठरवलेली फी वकिलाला घेताच येत नाही. आईला मात्र ते फार आवडले होते, कारण चहा पाजला होता.

तिसऱ्या वकीलबाई. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, खुर्ची आईकडे वळवली. “काकू, ही जमीन तुमच्या वडिलांनी घेतलेली की आजोबांकडून आलेली? 20 डिसेंबर 2004 च्या आधी कुठलं नोंदणीकृत वाटणीपत्र झालंय? बहिणीने हक्कसोड दिलंय का?” मग सातबारा बाजूला ठेवून म्हणाल्या, “हा आजचा झाला. मला जुने फेरफार, म्हणजे नावं कधी आणि कशी बदलली त्या नोंदी, लागतील.” मावशीलाही प्रतिवादी करावं लागेल, सगळे हिस्सेदार दाव्यात हवेत, हे ऐकून आई जरा बिथरली. बहिणीवर केस? बाईंनी शांतपणे समजावलं. तूर्त मनाई मिळेलच असं नाही आणि हुकूमनामा (कोर्टाचा अंतिम आदेश) झाला तरी शेतजमिनीची प्रत्यक्ष वाटणी कलेक्टरकडून होते, त्यात वेळ जातो, हेही त्यांनीच सांगितलं. मला तिथेच पटलं.

आणखी एक गोष्ट. आधीच्या एका अंदाजपत्रकात कोर्ट फीची भली मोठी रक्कम होती. महाराष्ट्रात 1994 पासून मालमत्तेच्या वादात महिला पक्षकाराला कोर्ट फी माफ आहे. वकीलबाईंनी हे न विचारता सांगितलं.

शिवाय कुठल्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तालुका कोर्टातच त्यांची समिती असते, फोन 15100. आईला खासगी वकीलच हवा होता, पण ज्यांना परवडत नाही त्यांनी आधी तिथे जावं.

फी टप्प्यांत ठरली: दावा दाखल करताना, मनाई अर्जाला, पुराव्याला. प्रत्येक वेळी पावती. वकीलपत्रात तडजोडीचा अधिकारही छापलेला असतो. आईच्या सहीशिवाय तडजोड नाही, असं आम्ही त्यावर लिहून घेतलं. बाई हसल्या, पण लिहिलं. मूळ कागद घरीच ठेवले, त्यांना नकला दिल्या.

दावा दाखल झालाय, कोर्टाने तूर्त ‘जैसे थे’ ठेवायला सांगितलंय. सीएनआर नंबर, म्हणजे ई-कोर्ट्सवरचा केसचा क्रमांक, टाकून आई आता स्वतःच मोबाइलवर पुढची तारीख बघते आणि लगेच मावशीला फोन करते. कागदावर मावशी प्रतिवादी क्रमांक दोन आहे, पण तिला तारीख कळते ती वादीकडूनच.