अर्धवट ऐकलेले चित्रपट

नव्वदच्या दशकातील इंग्रजी चित्रपट मी केबलच्या कृपेने पाहिले. पाहिले एवढेच खरे, ऐकले असे म्हणता येणार नाही. पडद्याच्या तळाशी संवादांची अक्षरे दिसण्याचे दिवस आमच्या घरात अजून उगवायचे होते आणि शाळेत शिकलेले इंग्रजी त्या नटांच्या तोंडून अशा वेगाने निघून जाई, की दहापैकी चार वाक्ये हाती लागली तरी धन्य वाटे. उरलेली सहा आम्ही चेहऱ्यांवरून, पार्श्वसंगीतावरून आणि मोठ्या भावाच्या अत्यंत ठाम, पण बहुधा चुकीच्या स्पष्टीकरणांवरून भरून काढत असू. परदेशात येऊन आता बरीच वर्षे झाली आहेत आणि कान इथल्या बोलण्याला सरावले आहेत. मध्यंतरी तेच जुने चित्रपट एकेक करून पुन्हा पाहायला घेतले, तेव्हा आपण एवढी वर्षे ज्यांना आवडते म्हणत होतो, ते निम्मे तरी आपल्याच कल्पनेतले होते, हे ध्यानात आले. काही चित्रपट त्यामुळे खाली उतरले. काही मात्र इतके वर चढले, की आता वर्षातून एकदा तरी पाहिल्यावाचून राहवत नाही.

पहिले उदाहरण 1994 च्या ‘द शॉशँक रिडेम्प्शन’चे. तुरुंगातील कैद्याला त्याच्या ‘रेड’ या नावाचे कारण विचारले जाते आणि तो अगदी सरळ चेहऱ्याने, आपण आयरिश असल्यामुळे असेल, असे उत्तर देतो. लहानपणी हे वाक्य माझ्या कानांवरून गेले असेल तर त्याची काही खूण उरली नाही. मूळ कथेतील रेड हा खरोखरच तांबड्या केसांचा आयरिश माणूस आहे, चित्रपटात ती भूमिका मॉर्गन फ्रीमन करतात आणि म्हणून ते उत्तर एकाच वेळी कथेला आणि प्रेक्षकाला मारलेली कोपरखळी ठरते, हे कळायला मला वीस वर्षे लागली. गंमत म्हणजे हा चित्रपट चित्रपटगृहांत फारसा चाललाच नव्हता. ऑस्करची सात नामांकने मिळूनही पुरस्कार एकही मिळाला नाही. पुढे व्हिडिओ कॅसेटी आणि दूरचित्रवाणी यांच्यामुळे तो घरोघरी पोहोचला. म्हणजे पुन्हा पुन्हा पाहणाऱ्यांनीच त्याला मोठे केले.

दुसऱ्यांदा पाहताना मात्र खरी मजा येते ती निवेदनाची. सगळी गोष्ट रेड सांगतो, त्यामुळे त्याला जेवढे ठाऊक तेवढेच आपल्याला ठाऊक असते आणि त्याचा सहकैदी अँडी याची पळून जाण्याची तयारी आपल्या डोळ्यांसमोर चाललेली असूनही दिसत नाही. तुरुंगाधिकारी झडतीच्या वेळी अँडीचे बायबल हातात घेतो आणि तारण याच्या आतच आहे, असे पुण्यवचन ऐकवून न उघडता परत देतो. आतील पाने कोरून तिथे हातोडी लपवलेली आहे, हे ठाऊक असताना हा प्रसंग पाहणे म्हणजे निराळाच चित्रपट पाहणे होय. इतक्या वर्षांनी रहस्य फोडल्याचा दोष मला कुणी देऊ नये. आणि तो वृद्ध ग्रंथपाल ब्रुक्स! पन्नास वर्षांनी सुटका होऊन बाहेर पडतो आणि मोटारींनी भरलेला रस्ता ओलांडताना गांगरतो. पूर्वी मला त्याची नुसती कीव येत असे. इकडे आल्यानंतरच्या पहिल्या महिन्यांत तीनपदरी रस्त्याच्या कडेला हिरव्या दिव्याची वाट पाहत मी उभी असे, त्या दिवसांनंतर तो प्रसंग मी बसल्या जागी नीट बसून पाहू शकत नाही.

परंतु ऐकण्याचाच प्रश्न असेल, तर कोएन बंधूंच्या 1996 च्या ‘फार्गो’ला तोड नाही. आमच्या लेखी तेव्हा इंग्रजी दोनच होती, एक साहेबाचे आणि दुसरे अमेरिकेचे. मिनेसोटाकडील माणसे स्वर लांबवून, स्कँडिनेव्हियन पूर्वजांची आठवण करून देणाऱ्या गोड हेलात बोलतात आणि ‘हो’ अशा अर्थाचे ‘या’ म्हणत म्हणत भयंकर गोष्टींविषयीही हवापाण्यासारखी चर्चा करतात, हा त्या चित्रपटाचा कणाच मला ऐकू आला नव्हता. हेल ऐकू न येता ‘फार्गो’ पाहिला, तर तो बर्फातील खुनांचा साधा थरारपट होतो आणि त्यातील माणसे मूर्ख वाटतात. हेल ऐकू आला, की कळते की सभ्यपणा हीच तिथली भाषा आहे आणि आपल्याच बायकोच्या अपहरणाचा डाव रचणारा मोटारविक्रेता जेरी तिच्या आड लपून बसला आहे. गरोदर पोलीसप्रमुख मार्ज पडद्यावर येते ती अर्धा तास उलटून गेल्यावर; तरीही तो चित्रपट तिचाच आहे आणि फ्रान्सिस मॅकडॉर्मंड यांना त्यासाठी मिळालेल्या ऑस्करविषयी कुणाची तक्रार असेल असे वाटत नाही.

या चित्रपटात एक प्रसंग आहे, जो पहिल्या वेळी मला सरळ सरळ फालतू वाटला होता. मार्ज एका जुन्या वर्गमित्राला भेटते, तो आपल्या पत्नीच्या मृत्यूची करुण कहाणी सांगून रडतो आणि दुसऱ्या दिवशी तिला कळते की ती कहाणी संपूर्ण खोटी होती. खुनांशी याचा काडीचाही संबंध नाही. मात्र त्यानंतर लगेच ती जेरीला पुन्हा भेटायला जाते, कारण साध्या दिसणाऱ्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची तिची सवय नुकतीच तडकलेली असते. दिग्दर्शक हे कुठेही बोलून दाखवत नाहीत. आरंभी ही सत्यकथा आहे असे गंभीरपणे लिहून येते तेही खोटेच, आणि शीर्षकातील फार्गो गाव पहिल्याच प्रसंगापुरते दिसते, तेव्हा खोटेपणाच्या बाबतीत चित्रपटाने आपल्याला सावध केले नव्हते असेही म्हणता येत नाही.

‘ज्युरासिक पार्क’विषयी माझी उलटी तक्रार आहे. तो 1993 चा असला तरी आमच्याकडे 1994 मध्ये हिंदी बोलत आला आणि मी तो हिंदीतच पाहिला. आता मूळ इंग्रजीत पाहताना सगळे नीट समजते, पण शास्त्रज्ञांच्या तोंडचे ते भारदस्त हिंदी नसल्याने काहीतरी हरवल्यासारखे वाटते. दोन तासांहून मोठ्या या चित्रपटात डायनोसॉर सारे मिळून पंधरा मिनिटांच्या आसपासच दिसतात आणि तरीही तो त्यांनीच भरल्यासारखा वाटतो. पेल्यातील पाण्यावर उठणारी ती गोल वलये गिटारची तार छेडून काढली होती, हे वाचल्यापासून तर मी डायनोसॉरपेक्षा त्या पेल्याचीच अधिक वाट पाहते. उलट 1999 च्या ‘द सिक्स्थ सेन्स’ची दोन पारायणे पुरेशी होतात: पहिले फसण्यासाठी, दुसरे कसे फसलो ते पाहण्यासाठी. तिसऱ्या वेळी हाती फारसे काही लागत नाही, असे माझे मत आहे आणि त्यावरून घरात वादही झाले आहेत.

मग एकदा पारडे फिरले. इथल्या एका सहकाऱ्याने आग्रह धरला म्हणून मी त्याला ‘अंदाज अपना अपना’ दाखवला. 1994 मध्ये तिकीटखिडकीवर पडलेला आणि नंतर पिढ्यान्‌पिढ्यांना मुखोद्गत झालेला हा चित्रपट तळाच्या इंग्रजी अक्षरांतून पाहणे हा एक विलक्षण अनुभव होता. शक्ती कपूरचा क्राइम मास्टर गोगो आपण मोगॅम्बोचा पुतण्या असल्याचे सांगतो, अक्षरे ते इमानेइतबारे छापतात आणि मी हसून लोळत असताना तो सभ्य गृहस्थ मोगॅम्बो कोण, असे विचारतो. त्यासाठी 1987 चा ‘मिस्टर इंडिया’ सांगावा लागतो. मेहमूद ‘वाह वाह प्रॉडक्शन्स’चा मालक म्हणून अवतरतो, त्यासाठी 1966 च्या ‘प्यार किये जा’पर्यंत मागे जावे लागते. रवीना टंडन करिश्मा म्हणून वावरते आणि करिश्मा कपूर रवीना म्हणून, पुढे ती अदलाबदलच खोटी निघते, हे समजावताना तर मीच दोनदा चुकले. रेडच्या उत्तरापाशी मी जिथे बसले होते, नेमका तिथेच तो बसला होता. आणि मोठ्या भावाच्या जागी आता मी होते, तशीच ठाम.

‘एक होता विदूषक’ मात्र मी कुणाला दाखवत नाही. जब्बार पटेल यांनी 1992 मध्ये केलेला, पु. ल. देशपांडे यांनी लिहिलेला आणि ना. धों. महानोर यांच्या गीतांनी नटलेला हा चित्रपट तमाशातील सोंगाड्याचा आहे, आणि बतावणीतील दुहेरी अर्थ तळाच्या एका ओळीत मावत नाहीत. लक्ष्मीकांत बेर्डे पडद्यावर आले की हसायचे, अशी आमची सवय होती. त्या सवयीनेच पहिल्या वेळी हा चित्रपट आम्हाला संथ वाटला. 2004 मध्ये ते गेले. आता पाहताना जाणवते की आमच्या त्याच सवयीवर तो चित्रपट बोट ठेवत होता: ज्याच्याकडून सगळ्यांना फक्त हसू हवे आहे, अशा माणसाची ती गोष्ट आहे. ती मी रात्री एकटीने, आवाज थोडा मोठा ठेवून पाहते.

शेवटी ज्या चित्रपटाची भाषा ना माझी ना इथली, तो माजिद मजिदी यांचा 1997 चा ‘चिल्ड्रेन ऑफ हेवन’. त्याच्या फारसी नावात ‘आसेमान’ हा शब्द आहे, आपण अस्मान दाखवतो ना, तोच. बहिणीचे बूट हरवलेला अली आणि एकाच जोडावर आळीपाळीने शाळेत धावणारी ती दोघे, हे सर्वांच्या लक्षात राहते. बक्षीस म्हणून बूट मिळणारा तिसरा क्रमांक हवा असताना शर्यत जिंकून रडणारा अलीही राहतो. मी मात्र आता एका मधल्याच प्रसंगासाठी तो लावते. वडील अलीला सायकलवर घेऊन तेहरानच्या श्रीमंत वस्तीत बागकामाची कामे शोधायला जातात. एका मोठ्या फाटकावरची घंटी दाबतात आणि भिंतीतल्या यंत्रातून आवाज येतो. घरात मुलांवर ओरडणारा तो धडधाकट माणूस त्या जाळीसमोर अडखळतो, काय बोलावे ते सुचेना, वाक्य अर्धवट टाकतो. मग अली पुढे होतो, तोंड यंत्राजवळ नेतो आणि आपण माळीकाम करतो, झाडांना औषध फवारतो, असे भराभर सांगून टाकतो. वडील त्याच्याकडे पाहत राहतात. तिथे मी तळाची अक्षरे वाचत नाही.